डाव्या कानाची खूण

१

रविवारी लोक सकाळी पिशवी घेऊन मटणाच्या रांगेत उभे राहतात. ऋतुजा मात्र मंगळवेढ्याची एसटी धरायची आणि संध्याकाळी पिशवीभर पाला घेऊन जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर परतायची. "दुसऱ्यांच्या बायका भाजी आणतात, माझी रुईचा पाला आणते," असं अभिमन्यू शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचा. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, आणि तिच्या प्रबंधाचा विषय तिच्या माहेरच्या माळावर पसरलेला होता. माळाच्या माथ्यापासून खालच्या ओढ्यापर्यंत उतरत गेलं की तीच झाडं आणि तेच किडे कसकसे बदलत जातात, एवढंच तिला बघायचं होतं.

बदल होता, आणि तो हाकेच्या अंतरात होता. माथ्यावर नुसता मुरूम. तिथली रुई गुडघ्याएवढी, पानं जाड आणि आखूड. मोजमापाची दोरी धरून खाली उतरावं तशी माती काळी होत जायची, रुई उंच व्हायची, आणि ओढ्याच्या वळणावर तर डोक्यावरून जायची. नाकतोडेही तसेच. वर मुरमाच्या रंगाचे, खाली काळपट. दर थोड्या अंतरावर तिनं लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या आणि एकेका खुंटीपाशी बसून ती पानं न्याहाळायची. हे काम तिला मनापासून आवडायचं. कॉलेजातल्या मीटिंगांपेक्षा तर नक्कीच.

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. माथ्यावर गवत उरलं नाही, म्हणून तिचे वडील कोंडीबा मेंढरं घेऊन थेट वळणावर उतरले होते. एरवी तिथं कुणी मेंढरं बसवत नसे.

"का नाही बसवत, आबा?" तिनं एकदा विचारलं होतं.

"न्हाईत बसवत, म्हून न्हाईत," कोंडीबा म्हणाले. "माझा बा बसवत नव्हता. मी बी नव्हतो बसवत. पर औंदा जित्राबांनी खायाचं काय?"

ऋतुजाला तिसरा महिना होता. दुपारी पोटात ढवळून यायचं, पाय गळून जायचे. वळणावर हिवराचं एक जुनं झाड होतं. कोंडीबा त्याच्या सावलीत आपलं घोंगडं अंथरायचे आणि म्हणायचे, "पड जरा. पानं काय पळून जात न्हाईत." ती पडायची. गाभण मेंढ्या तिच्या आजूबाजूला रवंथ करत बसायच्या आणि तिला गाढ झोप लागायची. त्या श्रावणात प्रत्येक रविवारी ती तिथं झोपली.

अशाच एका झोपेतून उठल्यावर, डोक्याशी असलेल्या रुईच्या पानाच्या डाव्या कडेला तिला एक खाच दिसली. लहान, तिरकी खाच. अळीनं खाल्लं असेल असं म्हणून तिनं पान तोडलं आणि पिशवीत टाकलं.

२

अळीनं रुई खाल्ली की चीक गळतो, वाळतो, आणि कडेला तपकिरी खपली धरते. घरी भिंगाखाली धरलेल्या त्या पानाला खपली नव्हती. रुईच्या पानावर जी पांढरी लव असते, ती खाचेच्या आतूनही सलग फिरली होती. म्हणजे पान कुणी कुरतडलं नव्हतं. ते तसंच उगवलं होतं.

पुढच्या रविवारी तिनं वळणावरची एक कोवळी कळी नखानं उलगडली. आत घडी घालून बसलेलं पान नखाएवढं होतं. त्याच्या डाव्या कडेलाही तीच खाच होती, त्याच जागी.

मग ती प्रत्येक खुंटीपाशी हेच बघू लागली. माथ्यावर एकाही पानाला खाच नाही. अर्ध्या उतारावर कुठे कुठे. ओढा जवळ येईल तसं प्रमाण वाढत जायचं, आणि वळणावर एकही पान बिनखाचेचं नव्हतं. पायरीपायरीनं वाढत जाणारा इतका सुबक बदल तिला आजवर कशातच सापडला नव्हता. दुसरं कुणी असतं तर हुरळून गेलं असतं. तीही थोडी हुरळली, खोटं कशाला बोला.

मातीतला क्षार असेल, विषाणू असेल, एखादी कीड असेल, असं तिचं मन भराभर सांगत होतं. म्हणून ती ओढ्यानं आणखी खाली गेली. तिथंही तीच काळी माती होती, तीच ओल होती, तशीच उंच रुई होती. पण पानं धड होती. वर गेलं काय आणि खाली गेलं काय, वळणापासून लांब गेलं की खाच नाहीशी व्हायची. पाणी, माती, ऊन यांतलं काहीच त्या जागेकडे वाढत नव्हतं. वाढत होती ती फक्त त्या जागेची जवळीक.

तिनं नाकतोडे धरले. वळणावरच्या नाकतोड्यांचे डावे पंख कडेला तसेच तुटके होते. हिवराखाली एक ससा बसला होता. तो पळाला नाही, नुसता बघत राहिला. त्याच्या डाव्या कानाला खाच होती.

कॉलेजातल्या कीटकशास्त्राच्या सरांना तिनं पान दाखवलं. सर चहा पीत होते. "किडीचं काम," ते म्हणाले. तिला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच नंतर तिला भीती वाटू लागली.

३

दिवाळीत ती माहेरी गेली तेव्हा अंगणात भांडण पेटलं होतं. कोंडीबा एका हातात कोकरू आणि दुसऱ्या हातात लोकर कातरायची कातर घेऊन उभे होते आणि धुळाप्पाच्या नावानं शिमगा करत होते. धुळाप्पा म्हणजे ओढ्यापलीकडचा मेंढका. त्याच्याशी कोंडीबांची उभ्या जन्माची ऊठबस होती.

प्रकरण कानाचं होतं. मेंढरं एकमेकांत मिसळतात. मग कुणाचं कुठलं हे ओळखायला प्रत्येक घराची कानावर एक खूण असते. कोकरू जरा धड उभं राहू लागलं की ती कापायची. कोंडीबांच्या घरची खूण म्हणजे उजव्या कानाचं टोक चिरलेलं. खूण ज्याची, मेंढरू त्याचं; तिथं पंचायत लागत नाही. दुसऱ्याची खूण कापून वर आपली करणं याच्याएवढी लाजिरवाणी गोष्ट नाही. तसं कुणी केलंच तर खरा धनी त्याच्या दारात येऊन बसतो. घराकडे पाठ करून बसतो, बोलत नाही, पाणी घेत नाही. आपलं मेंढरू किंवा त्याच्या बदली दुसरं हाताला लागल्याशिवाय उठत नाही. मग ते घर गावात मान वर करू शकत नाही.

"माज्या कोकरांवर खूण केलीय त्या धुळ्यानं," कोंडीबा ओरडत होते. "बग, समद्यांचा डावा कान. अजून मी माजी खूण बी केली न्हाय, आन त्यानं रातोरात येऊन डाव साधला."

आणि रागाच्या भरात त्यांनी हातातल्या कोकराच्या डाव्या कानाचा तो सगळा भाग कातरून टाकला आणि उजव्या कानाचं टोक चिरलं. कोकरू केविलवाणं ओरडलं. "आता ये म्हणावं दारात," कोंडीबा म्हणाले.

धुळाप्पा आलाच. पण तो भांडायला आला नव्हता. त्याच्या काखेत त्याचं स्वतःचं कोकरू होतं. "कोंडीबा, मी तुजं नाव घेत हुतो घरात," तो म्हणाला. "हे बग."

त्या कोकराच्या डाव्या कानाला तीच खाच होती. धुळाप्पानंही औंदा मेंढरं वळणावर उतरवली होती.

 ऋतुजानं कोकराचा कान बोटांत धरला. जखम नव्हती, वण नव्हता. मऊ लव खाचेच्या आतून सलग फिरली होती. तिचा दुसरा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला. आई, बजाबाई, उंबऱ्यात उभी होती. तिनं तो हात बघितला आणि ती घरात निघून गेली.

४

मार्गशीर्षात ती पुन्हा गेली. खुंट्या उपटून आणते, काम बंद करते, असं तिनं अभिमन्यूला सांगितलं होतं. सातव्या महिन्यात कशाला जायचं, हा त्याचा प्रश्न रास्त होता. पण आपण उगाच घाबरलो हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचं होतं.

पण माहेरी पोचल्यावर ती ओढ्यावर गेलीच नाही. दुपारी अंगणात बसून शेंगा फोडत होती. मोठी मेंढरं गड्याबरोबर चरायला गेली होती, कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात होती. त्यांची नेहमीची धडपड चालली होती. एकमेकांना ढुशा, उड्या, दुधासाठी कालवा.

मग कालवा थांबला. सगळ्या कोकरांनी एकदम माना वर केल्या आणि ओढ्याच्या दिशेला तोंडं केली. त्यांचे कान पुढं झाले होते.

कोंडीबांनी लांबून हाक घातली की कोकरं अशीच माना वर करायची. मेंढरू आपल्या धन्याचीच हाक ओळखतं. पण कोंडीबा तर बाजेवर बसून तंबाखू मळत होते. हाक कसलीच आली नव्हती. वारासुद्धा पडला होता.

पहिल्या कोकरानं वाघरीच्या खालून अंग काढलं. त्याच्या मागून दुसरं. मग सगळी, एकामागून एक, एका ओळीत. कोंडीबा उठले, वाटेत आडवे आले, त्यांनी "हुर्र, हुर्र" केलं. कोकरं त्यांच्या दोन्ही पायांच्या बाजूनं वळसा घालून पुढं गेली. अंगणातल्या दगडाला घालावा तसा वळसा. त्यांना ना घाई होती, ना भीती. माळाच्या उताराखाली ती दिसेनाशी झाली, आणि कोंडीबा बाजेवर मटकन बसले.

वाघरीत एकच कोकरू उरलं होतं. डावा कान अर्धा कातरलेलं. ते शेंगांच्या टरफलांना तोंड लावत होतं.

संध्याकाळी धुळाप्पाचा निरोप आला. त्याच्याकडचं एकही उरलं नव्हतं. दोघांनी मिळून ओढा पालथा घातला. लांडग्याचा माग नाही, रक्त नाही. लहान खुरांची एक ओळ हिवरापर्यंत जात होती आणि तिथंच संपत होती.

चार दिवसांनी बजाबाईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "तुज्या बानं आपला मोटा एडका दिला."

"कळपातला तो मेंढा? विकला?"

"दिला," बजाबाई म्हणाली. "दारात बसलं हुतं. एडका दिला तवा उटलं."

"कोण बसलं होतं, आई?"

 "मी बगितलं न्हाय," ती म्हणाली. "मी चुलीकडं तोंड करून बसले हुते."

५

फाल्गुनात सोलापुरात मुलगी झाली. वजन चांगलं, रंग चांगला, आवाज तर जिन्यापर्यंत जाणारा. नर्सनं बाळ हातात दिलं तेव्हा ऋतुजानं आधी टोपडं सरकवून डावा कान बघितला. लहान, तिरकी खाच.

"जन्मतः असतं असं काहींना," डॉक्टर म्हणाल्या. "ऐकण्यात काही दोष नाही. मोठी झाल्यावर वाटलं तर प्लास्टिक सर्जरी करा." अभिमन्यू हसून म्हणाला की आपली पोर गर्दीत हरवायची नाही. ऋतुजा त्याच्यावर अशी डाफरली की तो बाहेर जाऊन उभा राहिला. तिला त्याची माफी मागायची होती, पण कशी मागायची हे तिला कळेना.

पाचवीच्या पूजेला कोंडीबा आले आणि परत गेलेच नाहीत. हॉलमध्ये फरशीवर घोंगडं अंथरून ते बसून राहिले. त्यांच्या कोपरीच्या खिशात ती कातर होती.

"एवढासा तुकडा जाईल," ते म्हणाले. "पोर जरा रडंल. पर ऱ्हाईल."

"आबा, ते कोकरू एक होतं. एका कोकरावरून काही सिद्ध होत नाही." तिचा आवाज वर्गात असतो तसा झाला होता. "जाळीत पाय अडकला असेल त्याचा. आजारी असेल. मी माझ्या लेकीचा कान कापू?"

"कापू नगंस की," कोंडीबा म्हणाले. "मी कुटं बळजबरी करतोय. मी हितं बसतो."

आणि ते बसले. अभिमन्यू ऑफिसला जायचा, यायचा, सासऱ्यांशी पावसापाण्याचं बोलायचा. ऋतुजा रात्री उठून बाळाच्या अंगावर हात ठेवायची. खाच म्हणजे खाच, त्यात काही नाही, असं ती स्वतःला समजावायची, आणि बाल्कनीतल्या गुलाबाची, कढीलिंबाची पानं तपासून यायची. ती धड होती. दिवसेंदिवस धडच होती. तिला जवळजवळ पटलं होतं.

६

चैत्रातली दुपार होती. सोलापूरचं ऊन, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. वीज गेलेली, पंखा थांबलेला. अभिमन्यू ऑफिसात होता. ऋतुजा पाळण्याजवळ बसून दुपटी घडी करत होती.

बाळाचा हातपाय झाडण्याचा आवाज थांबला म्हणून तिनं बघितलं. महिन्याच्या पोरीची मान अजून धरत नव्हती. ती मान आता वर उचललेली होती, ताठ, न लटपटता. पोर खिडकीकडे बघत होती. मंगळवेढ्याच्या बाजूला.

"चिमणे," ऋतुजानं हाक मारली. "ए बाळा." तिनं टाळी वाजवली, खुळखुळा वाजवला. पोरीनं तिच्याकडे बघितलं नाही. तिनं एक हात पाळण्याच्या कडेवर टाकला आणि अंग वर ओढायला सुरुवात केली.

ऋतुजाच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून कोंडीबा हॉलमधून खोलीच्या दारात आले. त्यांनी काही विचारलं नाही. कातर पुढं केली.

ती तिनं स्वतः घेतली. कान दोन बोटांत धरला. मऊ होता, गरम होता. तिनं खाचेच्या अलीकडून, खाच पुरती जाईल असं कापलं. मग उजव्या कानाचं टोक चिरलं, जसं तिनं लहानपणी शेकडो कोकरांचं चिरताना बघितलं होतं. पोर किंचाळली. तिची मान मागं पडली आणि ती साधी, महिन्याची, रडणारी पोर झाली. ऋतुजा तिला छातीशी धरून, कानाला हळद दाबून, फरशीवर बसून रडली. कोंडीबांनी कातर पाण्यानं धुतली.

बाळ झोपलं. तिला पाळण्यात ठेवेपर्यंत दाराबाहेर काहीतरी टेकल्याचा आवाज आला. कुणी कडी वाजवली नाही. दार खालून वरपर्यंत एकदा करकरलं, मागून कुणी पाठ लावावी तसं.

ऋतुजानं दाराच्या भोकाला डोळा लावला. जिन्याचा कठडा दिसत नव्हता, समोरचं दार दिसत नव्हतं. सगळीकडे काळी लोकर होती. कुणीतरी घोंगडं पांघरून पाठ करून बसलं होतं, आणि ती पाठ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होती. लोकरीत कुसळं अडकली होती. ती बघत राहिली, आणि मग तिला कळलं की घोंगडं विणलेलं नव्हतं. त्याला धागा नव्हता, काठ नव्हता. लोकर मुळापासून हलत होती, श्वासाबरोबर.

ती मागं सरकली. "आबा, एडका," ती म्हणाली. "आपण एडका देऊ. दहा देऊ."

"कोकराला एडका चालतो," कोंडीबा म्हणाले. "ही काय कोकरू हाय व्हय?"

ते बेसिनपाशी गेले. तिथं अभिमन्यूचा दाढीचा आरसा होता. त्यांनी पटका उतरवला, घडी घातली आणि पाळण्यात बाळाच्या पायाशी ठेवला. मग डावा कान ताणून धरला आणि आरशात बघत, सावकाश, मेंढराचा कापावा तसा, एक लहान तिरकी खाच कापली. त्यांचा हात जराही हलला नाही. रक्त मानेवरून कोपरीत उतरलं.

"आबा, नका. आबा, मी जाते. मीच झोपले होते तिथं."

"घोंगडं मी आंथरलं हुतं," कोंडीबा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीला माळावर आणू नगा. आन तुज्या आयला म्हणावं, चुलीकडं तोंड करून बसू नगंस आता. कोन येत न्हाय." कडी काढताना ते एकदम थबकले. त्यांची मान वर झाली. चेहऱ्यावरचं सगळं, दुखणं, माया, ओळख, हळूहळू उतरत गेलं.

ते बाहेर गेले. ऋतुजा दारापर्यंत पोहोचली तेव्हा जिना रिकामा होता. पायऱ्यांवर कुसळं पडली होती.

ती बाल्कनीत धावली. खाली उन्हात कोंडीबा चालले होते, अनवाणी, बोडक्यानं. त्यांच्या पुढं कुणी दिसत नव्हतं. तरी ते कुणाच्या तरी मागून चालल्यासारखे, पावलावर पाऊल टाकत, मान खाली घालून चालले होते. वाटेत एक रिक्षा उभी होती. तिला वळसा घालून ते पुढं गेले.

"आबा," तिनं हाक मारली. लहानपणी माळाच्या या टोकावरून त्या टोकाला मारायची तशी, पोटातून. त्या हाकेला ते कधी वळले नाहीत असं झालं नव्हतं. ते वळले नाहीत. तिनं पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा, गळा फुटेपर्यंत.

आत पाळण्यात पोर जागी झाली, आणि आईच्या आवाजाकडे तोंड करून रडू लागली.